मार्कडाउनमधील तलाव-नोंदी: जोडलेल्या फाइलींचे वर्णन कोठे लिहावे आणि त्यांचा प्रीव्ह्यू सर्वांना कसा दिसावा?

पाणवठा (ठाणे पश्चिम)

नमस्कार.

ठाण्यातील मासुंदा, कचराळी आणि उपवन या तीन तलावांची निरीक्षणे आम्ही सहा-सात जण दर पंधरवड्याला टिपत असतो. काठावरच्या ठरावीक पायरीपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचे, दिसलेल्या पक्ष्यांची जातवार संख्या लिहायची, दर वेळी एकाच जागेवरून छायाचित्र घ्यायचे आणि पहाटेची शांतता मिळाली तर दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करायचे, असा आमचा क्रम आहे. आजवर या नोंदी काही वह्यांत, काही वर्डच्या फाइलींत आणि काही व्हॉट्सअ‍ॅपवर विखुरलेल्या होत्या. या पावसाळ्यापासून सर्व मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच शीर्षक, यादी, चित्र यांच्या खुणा घालून लिहायचा, तो गिटहब या फाइली सामायिक करण्याच्या संकेतस्थळावरील एका रेपॉझिटरीत (फाइलसंग्रहात) ठेवायचा आणि त्यातूनच एमकेडॉक्स या साधनाच्या साहाय्याने सर्वांना वाचता येईल असे लहानसे संकेतस्थळ तयार करायचे ठरले आहे. मी निवृत्त भूगोलशिक्षक आहे. लिहिण्याची सवय आहे, संगणकाचे तंत्र मात्र आता शिकत आहे.

मजकुरासाठी मार्कडाउन फार सोयीचे वाटले. अडचण आहे ती मजकुरासोबतच्या फाइलींची. आमच्याकडे छायाचित्रे आहेत, पातळीच्या मोजमापांच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांच्या) फाइली आहेत, निरीक्षणाच्या जागा दाखवणारी एक जिओजेसन फाइल आहे, ध्वनिमुद्रणे आहेत आणि आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ सदस्यांच्या हस्तलिखित वह्यांचे पीडीएफ स्कॅनही आहेत. पुढील प्रश्नांवर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रश्न वर्णनाचा. एखादे छायाचित्र कोणी, केव्हा, कोठून काढले हे चित्राच्या चौकोनी कंसात लिहावे, चित्राखाली परिच्छेद म्हणून लिहावे, की प्रत्येक फाइलीसाठी वेगळी टीप ठेवावी?

दुसरा प्रश्न प्रीव्ह्यूचा. व्हीएस कोड या मजकूर-संपादकात बाजूला उघडणाऱ्या प्रीव्ह्यूत मला बहुतेक छायाचित्रे नीट दिसतात, पण तीच पाने गिटहबवर पाहिली की बऱ्याच चित्रांच्या जागी मोडक्या चौकटीची खूण किंवा नुसता कच्चा मजकूर येतो. पीडीएफ पानातच दिसावे म्हणून मी एचटीएमएलची आयफ्रेम (पानात दुसरी फाइल दाखवणारी चौकट) वापरून पाहिली. माझ्या संकेतस्थळावर ती दिसली, गिटहबवर मात्र चौकटीऐवजी आयफ्रेमचा कच्चा मजकूरच पानावर उमटला.

तिसरा प्रश्न सीएसव्हीचा. पातळीचे आकडे मार्कडाउनच्या तक्त्यात पुन्हा लिहिले तर दोन प्रती होतात आणि महिन्याभरात त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात. मूळ फाइलच पानात तक्ता म्हणून दाखवता येईल का?

आमचे बहुतेक वाचक मोबाइलवर वाचतात आणि दोन सदस्यांना छापील प्रतच लागते, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

ऐरोलीकाठ

पाणवठा, आपण प्रश्न नेमके मांडले आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे.

आपल्या प्रश्नांत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. फाइलीची नोंद ठेवणे ही एक गोष्ट आणि फाइलीचा प्रीव्ह्यू दिसणे ही दुसरी. नोंद आपण लिहितो, त्यामुळे ती पूर्णपणे आपल्या हातात असते. प्रीव्ह्यू दाखवणे हे वाचणाऱ्याच्या साधनाचे काम आहे आणि प्रत्येक साधन ते आपापल्या नियमांनी करते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा मुख्य आग्रह असा होता की कोणतेही रूपांतर न करता, साधा मजकूर म्हणून पाहिले तरी ते नीट वाचता आले पाहिजे. हाच आग्रह आपण जोडलेल्या फाइलींनाही लावावा असे मला वाटते. प्रीव्ह्यू पूर्णपणे बंद पडला तरी त्या जागी कोणती फाइल होती आणि तिच्यात काय होते, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

आता वर्णनाविषयी. मार्कडाउनमध्ये चित्र असे लिहितात (येथे वाचायला सोपे म्हणून मार्ग देवनागरीत देत आहे):

```
![उपवन तलाव, बांधावरून, पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली](छायाचित्रे/उपवन-बांध.जेपीजी)
```

चौकोनी कंसातील मजकूर हा पर्यायी मजकूर असतो. चित्र दिसले नाही तर तो दिसतो आणि ज्यांना डोळ्यांनी पाहता येत नाही त्यांना त्यांचे वाचन-सॉफ्टवेअर तोच वाचून दाखवते. म्हणून तेथे चित्रात काय दिसते एवढेच लिहावे, एका वाक्यात. कोणी काढले, केव्हा काढले, कोणत्या पायरीपासून मोजले हा तपशील तेथे कोंबू नये, कारण चित्र नीट दिसत असताना तो कोणालाच दिसत नाही. तो तपशील चित्राखाली, वाचता येईल अशा साध्या परिच्छेदात असावा. पुढील वर्षी दुसरी व्यक्ती पाहणी करणार असेल तर तिला लागणारी प्रत्येक गोष्ट त्या परिच्छेदात आली पाहिजे. उदाहरणार्थ:

```
उपवन, बांधावरून. निरीक्षण पहाटे ६:१५ वाजता. पातळी तिसऱ्या
पायरीच्या वरच्या कडेपासून ४२ सें.मी. खाली, धातूच्या टेपने दोनदा
मोजली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. छायाचित्र मोबाइलचे, कापलेले
किंवा उजळवलेले नाही.
```

स्वतंत्र टीप-फाइल प्रत्येक छायाचित्रासाठी ठेवू नये. शंभर छायाचित्रांच्या शंभर टिपा कोणीही अद्ययावत ठेवत नाही. मात्र ध्वनिमुद्रण, सीएसव्ही आणि पीडीएफ स्कॅन यांच्यासाठी ती जरूर ठेवावी, कारण या फाइली उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. सीएसव्हीच्या टिपेत प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि रिकाम्या घराचा अर्थ लिहावा. रिकामे घर म्हणजे मोजलेच नाही की पाणी पायरीपर्यंत पोहोचलेच नव्हते, हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो आणि तो केवळ आजच्या नोंद करणाऱ्यालाच माहीत असतो.

आता गिटहबवरच्या मोडक्या चौकटी. तिथे न दिसणाऱ्या चित्रांच्या नावांतील लहान-मोठी रोमन अक्षरे तपासा. विंडोजला फाइलीच्या नावातील लहान आणि मोठे अक्षर सारखेच वाटते, म्हणून आपल्या संगणकावर चित्र सापडते. गिटहबवर ती दोन वेगळी नावे ठरतात. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलींचे विस्तारनाम बहुधा मोठ्या अक्षरांत असते आणि आपण मार्कडाउनमध्ये ते सवयीने लहान अक्षरांत लिहितो, तेथेच ही चूक होते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे नावातील मोकळी जागा. गोल कंसातील मार्गात मोकळी जागा आली की दुवा तुटतो आणि चित्राऐवजी कच्चा मजकूर दिसतो. अशा वेळी संपूर्ण मार्ग कोनी कंसात घालावा, किंवा त्याहून बरे म्हणजे नावात मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ वापरावी. आयफोनवरून आलेल्या एचईआयसी छायाचित्रांकडेही पाहा. क्रोम आणि फायरफॉक्स ती दाखवत नाहीत, त्यामुळे ती जेपीईजीमध्ये बदलूनच रेपॉझिटरीत घालावीत.

आयफ्रेमबाबत आपली काही चूक नाही. गिटहबच्या मार्कडाउनचे लिखित विनिर्देश २०१७ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांत आयफ्रेम, स्क्रिप्ट, स्टाइल अशा नऊ एचटीएमएल खुणा निष्प्रभ केल्या जातात असे स्पष्ट म्हटले आहे. कोणाच्याही पानातून दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये नको ते चालू नये यासाठी ही खबरदारी आहे. तेव्हा पीडीएफसाठी साधा दुवा द्यावा आणि त्याच्या वर पहिल्या पानाचे लहान छायाचित्र ठेवावे. गिटहबवर पीडीएफचा दुवा उघडला की तेथेच पाने दिसतात आणि मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठीही आयफ्रेमच्या अरुंद चौकटीपेक्षा हे सोयीचे असते.

एमकेडॉक्समध्ये आणखी एक खोच आहे. मार्कडाउनच्या खुणांनी दिलेले मार्ग एमकेडॉक्स स्वतः जुळवून घेते, परंतु थेट एचटीएमएलमध्ये लिहिलेले मार्ग जसेच्या तसे राहतात. त्याच्या मूळ मांडणीत प्रत्येक पानाला स्वतंत्र उपफोल्डर मिळतो, त्यामुळे एचटीएमएलमधील सापेक्ष मार्ग एका पायरीने चुकतो. रुंदी ठरवण्यासाठी आपण कोठे एचटीएमएलची चित्रखूण वापरली असेल तर ते पान मुद्दाम तपासा. संकेतस्थळ तयार करताना एमकेडॉक्सला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय द्यावा. अंतर्गत दुवा तुटलेला आढळला की ते तेथेच थांबते. चूक वाचकाच्या आधी आपल्याला कळते.

शक्यतो सर्व फाइलींची नावे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत ठेवावीत, असे सुचवतो.

अनुस्वार (नौपाडा)

ऐरोलीकाठ यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु शेवटचे वाक्य त्यांनी फार थोडक्यात आटोपले. फाइलींची नावे मराठीत ठेवण्यात मुळात काही गैर नाही. गिट, ब्राउझर आणि आजच्या सर्व संगणक-प्रणाली युनिकोड जाणतात. अडचण नेमकी कोठे येते ते समजून घेतले तर कोणती नावे मराठीत ठेवायची हे आपले आपल्याला ठरवता येईल.

पाणवठा, आपल्या फाइलींच्या नावांत ‘पायऱ्या’ हा शब्द असणारच, म्हणून तोच उदाहरणाला घेतो. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात तीन प्रकारांनी साठवले जाऊ शकते. युनिकोडमध्ये मराठीच्या या ‘ऱ’साठी स्वतंत्र स्थान आहे, तो एक प्रकार. साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे मिळूनही तेच अक्षर होते, तो दुसरा. साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून तसाच आकार मिळवण्याची जुनी पद्धत, तो तिसरा. तिन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे आहेत. एका सदस्याच्या कीबोर्डवरून फाइलीला नाव मिळाले आणि दुसऱ्याने आपल्या कीबोर्डवरून मार्कडाउनमध्ये तेच नाव लिहिले, तर चित्र दिसणार नाही आणि दोन्ही नावे शेजारी ठेवून कितीही वेळ पाहिली तरी चूक सापडणार नाही. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत पहिल्या प्रकारचे नाव आपोआप दुसऱ्या प्रकारात बदलत असे, त्यामुळे जुन्या मॅकवरून पेनड्राइव्हने आलेल्या फाइलींत हा घोटाळा हमखास सापडतो. मजकुरात शोध घेतानाही हेच घडते: ‘पायऱ्या’ शोधले असता काही पाने मिळतात आणि काही मिळत नाहीत.

शिवाय देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि दुव्यात रूपांतर होताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे एका मात्रेची नऊ अक्षरे. ‘उपवन-पायऱ्या’ एवढ्या नावाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की अर्धा पडदा व्यापतो. माझा सल्ला असा की नाव रोमन लिपीत लहान ठेवावे आणि मराठी शीर्षक पानावर द्यावे. माझ्या मते ही तडजोड आहे. मराठीने येथे माघार घ्यावी असे माझे म्हणणे नाही. मजकूर, वर्णन आणि शीर्षके सर्व मराठीतच असावीत.

त्या मराठी मजकुरालाही मार्कडाउनमध्ये काही ठिकाणी जपावे लागते आणि हे फारसे कोठे लिहिलेले आढळत नाही. क्रमांकित यादीसाठी देवनागरी अंक चालत नाहीत. कॉमनमार्क या प्रमाणित रूपात यादीचा क्रमांक केवळ इंग्रजी अंकांत मान्य आहे. आपण ‘१.’, ‘२.’, ‘३.’ अशा तीन ओळी लिहिल्या तर प्रीव्ह्यूत त्या तिन्ही मिळून एकच परिच्छेद होतो. यादी करायची असेल तर स्रोतात इंग्रजी अंक लिहावेत. एचटीएमएलमध्ये ते देवनागरीत दाखवणे सीएसएसच्या एका ओळीने साधते.

ठळक आणि तिरप्या अक्षरांचेही असेच आहे. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात. शब्दाच्या दोन्ही बाजूंना अधोरेषा देऊन पुढे ‘चा’ किंवा ‘ला’ जोडला तर अक्षरे तिरपी होत नाहीत, अधोरेषा तशाच दिसत राहतात, कारण शब्दाच्या पोटात आलेली अधोरेषा कॉमनमार्क खूण मानत नाही. तारका वापरली तर हे काम होते. मात्र तारकांच्या आत अवतरणचिन्ह असेल, म्हणजे `**‘उपवन’**चा` असे लिहिले, तर तारकाही निकामी होतात: बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आले की ती जोडी बंद झाली असे धरले जात नाही. अवतरणचिन्ह तारकांच्या बाहेर घ्यावे, `‘**उपवन**’चा` असे, की ती चूक उरत नाही.

आणखी एक गोष्ट एमकेडॉक्सपुरती. ते शीर्षकांवरून पानांतर्गत दुवे तयार करते, पण त्याच्या मूळ मांडणीत रोमनखेरीज सर्व अक्षरे गाळली जातात. त्यामुळे मराठी शीर्षकांना अधोरेषा आणि एक, अधोरेषा आणि दोन असे निरर्थक पत्ते मिळतात. मध्ये एक शीर्षक वाढवले की पुढचे सर्व पत्ते सरकतात आणि कोणी जतन केलेला दुवा भलत्याच परिच्छेदावर नेतो. युनिकोड राखणारा पर्यायही त्यात आहे, मात्र तो काना-मात्रा गाळतो आणि ‘देखभाल’चे ‘दखभल’ होते. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक शीर्षकापुढे महिरपी कंसात हॅश आणि आपण ठरवलेली लहान रोमन खूण लिहावी. त्यासाठी गुणधर्म-यादीचे एक्स्टेंशन चालू करावे लागते. मार्कडाउनचे पीडीएफसारख्या अन्य स्वरूपांत रूपांतर करणाऱ्या पॅनडॉकला हीच लेखनपद्धती मुळातच समजते.

वागळे इस्टेट

सीएसव्हीच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले दिसत नाही, म्हणून लिहितो. आमच्या यंत्रांच्या कारखान्यात देखभालीच्या पुस्तिका मी अ‍ॅस्कीडॉकमध्ये (मार्कडाउनसारख्याच दुसऱ्या लेखनपद्धतीत) ठेवतो आणि त्याचे मुख्य कारण हेच आहे.

कॉमनमार्कमध्ये एक फाइल दुसऱ्या फाइलीत आणून बसवण्याची सोयच नाही. चित्र ही एकमेव बाहेरची वस्तू त्याला ठाऊक आहे. २००२ मध्ये स्टुअर्ट रॅकहॅम यांनी सुरू केलेल्या अ‍ॅस्कीडॉकमध्ये समावेशाची आज्ञा आहे. तक्त्याचे स्वरूप सीएसव्ही असे सांगून त्याच्या पोटात ही आज्ञा लिहिली की मूळ फाइलच पानात तक्ता होऊन येते. फाइलीतील ठरावीक ओळी किंवा खुणेने वेगळा केलेला भागही आणता येतो. पायथनच्या जगातील रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये सीएसव्ही-तक्त्यासाठी स्वतंत्र निर्देश आहे आणि त्याला फाइलीचा मार्ग देता येतो.

तरीही आपण मार्कडाउन सोडावे असे मी म्हणणार नाही. गिटहबवर अ‍ॅस्कीडॉकची पाने पाहिली तर समावेशाच्या जागी सुरक्षेसाठी केवळ दुवा दिसतो, म्हणजे आपल्याला हवा असलेला प्रीव्ह्यू तेथेही मिळणार नाही. सहा-सात जणांना नवी लेखनपद्धती शिकवण्याचे कष्टही आहेतच. आपल्याकडे एमकेडॉक्स आहे. त्यासाठी सीएसव्ही वाचून तक्ता तयार करणारे प्लगइन उपलब्ध आहे, तेवढे पुरेसे होईल. गिटहबवर मूळ सीएसव्ही फाइल उघडली की ती तक्त्याच्या रूपात दिसतेच, तेव्हा पानात तिचा दुवा आणि शेवटच्या पाहणीचा एका वाक्यातील निष्कर्ष असला की मोबाइलवाल्यांचे काम होते.

दोन सूचना सीएसव्हीच्याच संदर्भात. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी. एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठी पक्षिनावांच्या जागी विचित्र चिन्हे आली तर फाइलीच्या प्रारंभी बाइट-क्रमाची खूण नाही असे समजावे. ती घातली की एक्सेलमध्ये नीट दिसते, परंतु काही प्रोग्राम त्याच खुणेमुळे पहिल्या स्तंभाचे नाव चुकीचे वाचतात. दोन्हीकडे उघडून पाहावे आणि कोणता प्रकार ठेवला ते टिपेत लिहावे.

जिओजेसनचा प्रीव्ह्यू मात्र आवर्जून पाहा. गिटहबवर ती फाइल उघडली की थेट नकाशा दिसतो. या स्वरूपाच्या २०१६ च्या प्रमाणकात, म्हणजे आरएफसी ७९४६ मध्ये, रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असा क्रम ठरलेला आहे. आपल्या बोलण्यात तो नेमका उलटा असतो. ठाण्याचा बिंदू सुमारे ७२.९७ रेखांश आणि १९.२ अक्षांशावर आहे. क्रम उलटला की तो नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडतो. शेकडो आकड्यांत ही चूक डोळ्यांना दिसत नाही, नकाशावर ती क्षणात दिसते.

ऐरोलीकाठ

अनुस्वार यांनी नावांच्या प्रश्नाचे कारण सांगितले, ते माझ्या उत्तरात यायला हवे होते. ‘ऱ’च्या तीन रूपांमुळे आमच्याकडेही एका पुस्तिकेतील अनुक्रमणिका अर्धवट येत असे आणि कारण आज समजले.

दोन गोष्टींची भर घालतो. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही आणि गिटमध्ये एकदा गेलेली मोठी फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहते. म्हणून ध्वनिमुद्रणे मूळ स्वरूपात अन्यत्र जपून ठेवावीत, रेपॉझिटरीत त्यांची लहान संकुचित प्रत असावी आणि मूळ फाइल कोणाकडे, कोणत्या डिस्कवर आहे ते टिपेत असावे.

दुसरी गोष्ट पक्ष्यांच्या हिताची आहे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. प्रीव्ह्यूत ते दिसत नाहीत, पण फाइल उतरवून घेणाऱ्या कोणालाही वाचता येतात. घरट्यांची छायाचित्रे सार्वजनिक रेपॉझिटरीत घालण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी आणि काढली आहे असे वर्णनात लिहावे.

पाणवठा (ठाणे पश्चिम)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते कळवतो.

गिटहबवर न दिसणारी एकूण १७ चित्रे होती. त्यांपैकी ११ विस्तारनामातील मोठ्या अक्षरांमुळे आणि चार नावातील मोकळ्या जागेमुळे अडली होती. उरलेली दोन मात्र अनुस्वार यांनी सांगितल्याप्रमाणे ‘पायऱ्या’ या शब्दामुळे. ती दोन छायाचित्रे एका सदस्यांच्या जुन्या मॅकवरून आली होती. आता फाइलींची नावे रोमन लिपीत, तलावाचे नाव आणि त्यापुढे वर्ष-महिना-दिवस अशी ठेवली आहेत, म्हणजे फोल्डरमध्ये ती आपोआप कालक्रमाने लागतात. जिओजेसनचा नकाशा उघडला तेव्हा कचराळीचे दोन बिंदू खरोखरच उत्तरेच्या समुद्रात होते. भूगोल शिकवलेल्या माणसाकडून हे राहून गेले याचे वाईट वाटले आणि लगेच दुरुस्त केले.

छापील प्रतीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पॅनडॉकने पीडीएफ करताना मराठी अक्षरांच्या जागी त्रुटीचे संदेश येतात.

अनुस्वार (नौपाडा)

पॅनडॉक पीडीएफसाठी मुळात पीडीएफलाटेक् वापरते आणि ते देवनागरी हाताळू शकत नाही. पीडीएफ-इंजिन म्हणून झीलाटेक् द्यावे आणि मुख्य फॉन्ट म्हणून संगणकावर असलेला एखादा देवनागरी युनिकोड फॉन्ट, उदाहरणार्थ नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता. फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी असे सांगायला विसरू नये; ते राहिले तर अक्षरे येतात, पण जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. छापताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दुव्याच्या जागी त्याचा क्रमांक आणि वर्णन येईल असे पाहावे, कारण कागदावर दुवा दाबता येत नाही.

पाणवठा (ठाणे पश्चिम)

झीलाटेक् आणि मुक्ता यांनी काम झाले. जोडाक्षरे सुबक आली आहेत. कचराळीच्या पानांची पहिली छापील प्रत काल दोन्ही सदस्यांना दिली.

ती हाती घेतल्यावर आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्यांच्या वह्यांच्या स्कॅनखाली आम्ही ‘हस्तलिखित नोंदवही, पाने ४८’ एवढेच लिहिले होते. त्यांचे म्हणणे असे की पानोपानी त्यांनी पक्ष्यांसाठी स्वतः ठरवलेली अक्षरे वापरली आहेत: ‘व’ म्हणजे वंचक, ‘वा’ म्हणजे वारकरी, आणि वर्तुळातला ‘व’ म्हणजे पिलासह दिसलेली जोडी. आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. आता दर शनिवारी सकाळी मासुंदा तलावाच्या काठावरील बाकावर बसून ते सांगतात आणि मी प्रत्येक वहीच्या टिपेत लिहून घेतो. पहिल्या वहीची ३१ चिन्हे झाली आहेत. अजून पाच वह्या बाकी आहेत.